कारागिराचं ‘नाही’

सलूनमध्ये तीन खुर्च्या होत्या आणि दाराजवळची, उजेडातली पहिली खुर्ची कारागिराची होती. त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. मालक, गिऱ्हाइकं, शेजारचा चष्मेवाला, सगळे ‘कारागीर’च म्हणत, आणि ते खरंही होतं. मशीन फिरवून डोकं साफ करणारे पैशाला पासरी मिळतात. वस्तऱ्यानं दाढी करताना गिऱ्हाइकाला झोप लागावी असा हात शंभरात एखाद्याचा असतो. गरम टॉवेलानं गाल मऊ करायचे, अंगठ्यानं कातडी ताणून धरायची, आधी सुलटा हात, मग उलटा, आणि गळ्याच्या घाटीजवळ आला की स्वतःचा श्वासही रोखून धरायचा. गिऱ्हाईक मान मागे टाकून डोळे मिटायचं. दिवसाकाठी कितीतरी माणसं आपला गळा कारागिराच्या हातात देऊन घोरत असत, आणि या गोष्टीचा त्याला मनातून फार अभिमान होता.

हा अभिमान त्यानं एकदा घालवून परत मिळवला होता, म्हणून तर तो जास्तच होता.

कारागीर प्यायचा. थोडीथोडकी नाही, अगदी मन लावून. सकाळी हात थरथरायचा म्हणून एक घोट, तो थांबला म्हणून आनंदानं दुसरा. बायको एका लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी इस्त्री करायची आणि घरी येऊन त्याच्या वतीनं थापा मारायची. मालकाला सांगायची, ताप आहे. घरमालकाला सांगायची, गावी गेलेत. खोटं बोलून बोलून तिची जीभ गुळगुळीत झाली होती. मग एक दिवस त्याच्या पोटात, बरोबर छातीच्या खाली, कुणीतरी तापलेली सळई खुपसून पाठीतून बाहेर काढावी असं दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आहे, दारूमुळे. असा काही अवयव आपल्या पोटात आहे हे त्याला तोवर माहीतही नव्हतं. आणि नाव काय, तर स्वादुपिंड! त्या दिवसापासून जेवणातला स्वाद जो गेला तो गेलाच. अन्न अंगी लागेना, वजन उतरलं, पँट दोरीनं बांधायची पाळी आली. तरी तो पीत राहिला. मग दुसरा झटका आला, आणि तिसरा.

चीड आणणारी गोष्ट अशी, की त्याचा थोरला भाऊ त्याच्या दुप्पट प्यायचा. दादा सकाळी उठून फिरायला जायचा, दोन माणसांचं जेवायचा, आणि वर धाकट्याला सांगायचा, “तुला पिता येत नाही रे. पिण्याची एक पद्धत असते.” दहा जण पितात आणि एकाचंच स्वादुपिंड कुजतं, यात कसला न्याय आहे ते देवालाच ठाऊक. कारागिरानं देवाला विचारून पाहिलं होतं. देवही दादाच्याच बाजूचा असावा.

दारू सुटली ती मास्तरांमुळे. मास्तर दर आठवड्याला दाढीला यायचे. एकदा हात हलला आणि हनुवटी कापली गेली, चांगली खोल. मास्तरांनी स्वतःच तुरटी उचलून लावली, पैसे ठेवले, आणि गेले ते कायमचे समोरच्या सलूनमध्ये. तिथली खुर्ची कारागिराच्या आरशात दिसायची. दर आठवड्याला मास्तर त्या आरशात मान मागे टाकून डोळे मिटायचे, दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली. दोन महिने त्यानं ते सोसलं. मग प्यायची बंद केली. लोकांना असलं कारण आवडत नाही. लोकांना वाटतं, सुटावी तर बायकोच्या अश्रूंनी, नाहीतर लेकराच्या एका शब्दानं. बायको वर्षानुवर्षं रडली तेव्हा सुटली नाही, हे खरं आहे, आणि त्याची तिला जी चीड होती तीही खरी होती.

सोडल्यावर लोक काय म्हणाले? “करून करून भागला आणि देवपूजेला लागला.” चष्मेवाला म्हणाला, “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, बघू या किती दिवस.” बायको रोज संध्याकाळी दारात उभी राहायची आणि म्हणायची, “तोंड.” तो आ करून हा हा असा श्वास सोडायचा. ती वास घ्यायची आणि मग बाजूला व्हायची. वर्ष गेलं, दुसरं गेलं, रोजचं ‘तोंड’ चालूच होतं. एका संध्याकाळी तो आला तर दारात कुणी नाही. आतून आवाज आला, “चहा गाळून ठेवलाय, थंड होईल.” कारागीर दारातच आ वासून उभा राहिला होता. त्यानं तोंड मिटलं आणि आत गेला. त्या चहाबद्दल त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, पण आपण खरे बरे झालो ते त्या दिवशी, असं तो मानत असे.

आणि मग, दारू सोडून चार वर्षं झाल्यावर, एका दुपारी झटका आला.

खुर्चीत रोखपाल होते. बँकेतून निवृत्त झालेले, बोलके, अर्धा गळा झालेला. कारागिराच्या पोटात पहिली कळ आली तेव्हा वस्तरा घाटीवर होता. त्यानं आधी वस्तरा उचलला, मिटला, फळीवर ठेवला. एवढं नीट केलं आणि मगच तो गुडघ्यांवर कोसळला, खुर्चीच्या हातावर कपाळ टेकून. ही कळ पाठ टेकू देत नाही. पुढे वाकलं, गुडघे पोटात घेतले, तरच जरा बरं वाटतं, तेही नावालाच. रोखपालांनी अर्ध्या फेसासकट मान वळवली. विचारलं काय, तर, “पुन्हा सुरू केलीस वाटतं?”

कारागिराला बोलता येत नव्हतं, म्हणून रोखपाल वाचले. ज्या माणसानं स्वतः मरत असताना तुमच्या गळ्यावरचं पातं आधी बाजूला केलं, त्याला हा प्रश्न? दुसऱ्या खुर्चीवरच्या पोऱ्याला सगळे झटपट म्हणत, कारण त्याला सगळ्याचीच घाई असे. त्यानं रिक्षा आणली, कारागिराच्या बायकोला फोन लावला आणि रोखपालांचा उरलेला गळाही उरकून टाकला.

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता आणि थकलेला होता. थकलेला होता हे कबूल करायलाच हवं, त्याच्यासमोर रांग होती आणि बसायला स्टूलही नव्हतं. पण थकवा काही एकट्या त्याच्याच वाट्याला आला नव्हता. बायको चादरींच्या ढिगाऱ्यातून उठून धावत आली होती आणि खाटेच्या पायथ्याशी नवऱ्याच्या चपला हातात धरून उभी होती.

“शेवटची कधी घेतली?” डॉक्टरनं विचारलं.

“चार वर्षं झाली.”

“काका, सगळे असंच म्हणतात. खरं बोला.”

“चार वर्षं झाली हो.”

“अंगाला वास येतोय.”

“तो लोशनचा. मी सलूनमध्ये… दाढीनंतरचं लोशन…”

“लोशन,” असं म्हणून डॉक्टर नर्सकडे बघून हसला. नर्सही हसली. कारागीर कुशीवर वळून, गुडघे छातीशी घेऊन दात आवळत होता. त्याला वाटलं, आता उठावं आणि दोघांच्या थोबाडीत द्यावी. उठता आलं असतं तर दिलीही असती.

साधं इंजेक्शन दिलं. त्यानं काही झालं नाही. सलाईन लावली, रक्त घेतलं. पुन्हा डॉक्टर आला. “हे बघा, जोरदार इंजेक्शन आहे माझ्याकडे. पण पोटात दारू असली आणि मी ते टोचलं, तर तुमचा श्वास बंद पडेल आणि लोक मला धरतील. कधी घेतली, किती घेतली, सरळ सांगा, म्हणजे मला डोस ठरवता येईल. नाही सांगायचं तर मग मोठे डॉक्टर येईपर्यंत थांबा.”

“मोठे कधी येतील?”

“येतील.”

दुखण्याचं असं असतं, की काही वेळानं माणूस मोठा राहत नाही. त्याची चार वर्षं, त्याचा हात, त्याचा चहा, सगळं गळून पडतं आणि उरतं फक्त एक पोट. कारागीर खूप वेळ ‘नाही’ म्हणाला. मग त्याला दिसलं की या खोलीत ‘नाही’ला काही भावच नाही. ‘नाही’ म्हटलं की डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे जातो. ‘हो’ म्हटलं की थांबेल.

“काल,” तो म्हणाला. “काल घेतली. एक क्वार्टर.”

“बघा! मघाशीच सांगितलं असतं तर?” डॉक्टरचा चेहरा एकदम मायाळू झाला. त्यानं नर्सला हाक मारली, सुई आली, आणि पोटातली सळई कुणीतरी हळूहळू बाहेर ओढून घेतली. बायकोनं हातातल्या चपला खाली वाकून खाटेखाली नीट जोडून ठेवल्या आणि ती बाहेर निघून गेली.

रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात सूज दिसली, साखरही वाढलेली दिसली. दारूची तपासणी कुणी केलीच नाही. कशाला करतील? पेशंटनं स्वतः कबूल केलं होतं. दारुड्याचं ‘नाही’ तपासून बघायचं असतं, त्याचं ‘हो’ मात्र सगळे डोळे मिटून खरं मानतात.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले, मागे विद्यार्थ्यांचा घोळका. कारागिराच्या खाटेशी थांबून त्यांनी घोळक्याला समजावलं, की दारूनं एकदा ही ग्रंथी खराब झाली की ती आतून कडक होते, नळीत खडे धरतात, आणि मग दारू सोडून वर्षं उलटली तरी ती अशी अधूनमधून भडकू शकते. कारागीर धडपडून उठून बसला. “साहेब, हेच, हेच माझ्या बायकोला सांगा.” मोठ्या डॉक्टरांनी कागद बघितला. “पण तुम्ही तर घेतली होती ना? मग बोलायलाच नको.” असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले. विद्यार्थीही गेले. एका मुलीनं मागे वळून पाहिलं, तेवढंच.

बायको यायची. कामाच्या आधी धुतलेले कपडे आणायची, कामानंतर मळलेले न्यायची. बोलायची नाही. तो उपाशीपोटी सलाईनवर पडून म्हणायचा, “अगं, मी इंजेक्शनसाठी बोललो. दुखत होतं म्हणून. मोठे डॉक्टर म्हणाले, न पिताही होतं हे.”

“तुम्ही सांगता ते डॉक्टर नेहमी तुमच्याच बाजूचे कसे असतात?” ती एकदा म्हणाली.

दादा मात्र बोलायला आला. तोंडाला बडीशेपेचा वास, तिच्याखाली दुसरा. शेजारी बसून धाकट्याच्या पायावर थोपटत म्हणाला, “घेतलीस तर घेतलीस. चार वर्षं तोंड बांधून बसलास तेच जास्त झालं. आता बरा झालास की माझ्याबरोबर बस. मी शिकवतो, कशी घ्यायची.”

“दादा, मी घेतली नाही.”

“माझ्याशीही?” दादा दुखावला. “सख्ख्या भावाशीही खोटं?”

कारागिरानं उशी फेकून मारली. ती दादाला लागली नाही, सलाईनच्या खांबाला लागली, आणि नर्सनं त्याला दम भरला. वॉर्डात कुजबुज झाली की त्या खाटेवरच्याची दारू अजून उतरलेली नाही.

घरी सोडल्यावर अंगात उभं राहण्याइतका जीव येताच तो सलूनमध्ये गेला. पहिल्या खुर्चीवर झटपट होता. मालकांनी कारागिराला आत, टॉवेल वाळत घालायच्या जागेत नेलं आणि चहा मागवला. मालकांनी चहा मागवला की समजायचं, काहीतरी वाईट बोलायचं आहे.

“तुझ्या बायकोला मी विचारलं होतं,” ते म्हणाले. “तिनं खरं ते सांगितलं.”

“काय खरं?”

“की तू स्वतःच्या तोंडानं कबूल केलंस. तिचा राग करू नकोस. ती म्हणाली, यांच्यासाठी मी आता खोटं बोलणार नाही, फार बोलले. चांगली बाई आहे. हे बघ, मी तुला काढत नाही. केस काप, मशीन मार. पण वस्तरा नको. आपल्याकडे माणूस गळा देतो रे. देणाऱ्याच्या मनात शंका आली की झालं. रोखपाल तर सगळीकडे सांगत फिरतायत.”

“रोखपालांच्या गळ्यावरून वस्तरा कुणी उचलला? विचारा त्यांना! ओरखडा आहे का एक?”

“ते म्हणतात, नशीब त्यांचं.”

नशीब! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ऐकलं होतं. इथे तर संन्यासी पूर्वी चोर होता, त्यामुळे फाशीबद्दल कुणाला वाईटही वाटत नव्हतं. कारागिरानं चहाचा कप तसाच ठेवला. मग तिसऱ्या, अंधारातल्या खुर्चीशी उभा राहिला आणि शाळकरी पोरांची डोकी मशीननं भादरू लागला. समोरच्या आरशात झटपटची पाठ दिसायची. झटपट कातडी न ताणता वस्तरा ओढायचा. कारागिराच्या स्वतःच्या गळ्यावर काटा यायचा.

त्या संध्याकाळी घरात जे भांडण झालं ते चाळीच्या तिन्ही मजल्यांनी ऐकलं.

“माझी रोजी घालवलीस तू!”

“मी? मी घालवली? क्वार्टर कुणी सांगितली? मी सांगितली?”

“दुखत होतं म्हणून सांगितली! तुझ्या पोटात एकदा तरी ते दुखू दे, मग कळेल. आईचं नावसुद्धा बदलून सांगशील.”

“आणि पूर्वी दुखत नव्हतं तेव्हा खोटं कशाला सांगायचात? पाण्याच्या टाकीमागे बाटली होती, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. ते काय दुखत होतं म्हणून?” ती इस्त्री केल्यासारखा एकेक शब्द दाबून बोलत होती. “तुमचं ‘नाही’ मी इतकी वर्षं ऐकलं. ‘हो’ पहिल्यांदाच ऐकलं. मग तेच खरं धरणार ना मी? दुसरं काय धरू?”

ज्याला उत्तर नसतं तो माणूस भांडं फेकतो, तसं त्यानं फेकलं. शेजारच्या वहिनींनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो घरी आला, तेव्हा बायको दारात उभी होती.

“तोंड,” ती म्हणाली.

रागानं त्याचे कान तापले. त्यानं तिच्या तोंडावर असा जोरात श्वास सोडला की तिच्या कपाळावरचे केस उडाले. ती हलली नाही. वास घेऊन बाजूला झाली, आणि हे रोजचं पुन्हा सुरू झालं. वास कधीच आला नाही. पण एकदा ‘हो’ ऐकलेल्या कानांपुढे बिचारं नाक काय करणार?

पुढचा झटका आला तो सुटीच्या सकाळी, घरातच. तो फरशीवर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून पडला. पूर्वी एकदा ती म्हणाली होती, पुढच्या वेळी मी येणार नाही. म्हणायला काय जातं? आली. रिक्षात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, पण ओठ घट्ट मिटलेले. तिनं त्याला विचारलं नाही की घेतली का. तिच्या लेखी ते ठरलेलंच होतं.

या वेळी डॉक्टरीण होती. तिच्या हातात जुने कागद होते, त्यामुळे तिला हसायचीही गरज पडली नाही.

“गेल्या वेळीही घेऊनच आला होतात. या वेळी किती?”

“नाही,” कारागीर म्हणाला.

“हे बघा, तुमचं आमचं भांडण नाही. कधी आणि किती, तेवढं सांगा. जोरदार औषध द्यायचंय, अंदाजानं देता येत नाही.”

“नाही घेतली.”

“साधं देऊन ठेवते. आठवलं की सांगा.” ती दुसऱ्या खाटेकडे गेली.

बायको हाताची घडी घालून भिंतीला टेकली होती आणि वाट बघत होती. कशाची, ते त्याला कळत होतं. ‘हो’ची. आता म्हणेल, थोड्या वेळानं म्हणेल. त्याच्या अंगाला दरदरून घाम सुटला. पोटातली कळ पाठीतून आरपार गेली आणि तिथेच फिरत राहिली. तो खाटेवरून खाली घसरला, फरशीवर गुडघे टेकले, खाटेच्या लोखंडी कडेवर कपाळ दाबलं. उलटी झाली, नुसतं हिरवं पाणी. डॉक्टरीण परत आली, म्हणाली, “आठवलं?”

“नाही.”

ती गेली. एक शब्द बोलायचा होता. फक्त एक. गेल्या वेळी तोच बोलून सुटका झाली होती, आणि आता तर जाण्यासारखं राहिलंच काय होतं? वस्तरा गेला, गिऱ्हाइकं गेली, नाव तर गाळात गेलंच होतं. पण त्याला असा काही राग आला होता, डॉक्टरणीचा, रोखपालांचा, दादाच्या धडधाकट पोटाचा, भिंतीला टेकलेल्या या बाईच्या घडी घातलेल्या हातांचा, आणि त्या दिवशीच्या स्वतःच्या ‘हो’चा तर सगळ्यात जास्त, की त्यानं खाटेवरची चादर दातात धरली. मेलो तरी चालेल, त्याला वाटलं, पण या खोलीला ते पुन्हा ऐकवणार नाही.

“आठवलं का काका?”

“नाही.” चादर तोंडात असल्यानं ते धड ऐकूही आलं नाही.

कधीतरी बायको भिंतीपासून सुटली. त्याच्याशेजारी फरशीवर बसली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, “म्हणून टाका ना. गेल्या वेळी म्हणालात तसं.”

त्यानं चादर सोडली. “नाही.”

“अहो, मी काही म्हणणार नाही तुम्हाला. म्हणा. सुई तरी मिळेल.”

“नाही घेतली, तर कसं म्हणू?” तो ओरडला. आवाज फाटला. “नाही! नाही! नाही घेतली!”

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे ओठ फुटले होते, डोळ्यांत लाल रेषा उतरल्या होत्या. मग ती ताडकन उठली आणि अख्ख्या विभागाला ऐकू जाईल अशी ओरडली, “डॉक्टर! घेतली यांनी. मी पाहिली. काल संध्याकाळी, घरात, माझ्यासमोर, एक क्वार्टर. आता टोचा!”

कारागिरानं मान वर केली. त्याला वाटलं, आपल्याला भ्रम झालाय. “खोटं!” तो म्हणाला. “खोटं बोलतेय ही!”

“असंच करतात हे लोक,” डॉक्टरीण बायकोला समजुतीनं म्हणाली, आणि नर्सला हाक मारली. त्याला दोघांनी उचलून खाटेवर टाकलं. तो हात झटकत होता, मला नको ते औषध म्हणत होता, बायकोला शिव्या देत होता. बायकोनंच त्याचा दंड दाबून धरला. इस्त्रीच्या हातांचा जोर होता तो. सुई गेली.

कळ ओसरली. राग मात्र होता तसाच होता, उलट आता त्याला मोकळी जागा मिळाली. जीभ हलू लागल्याबरोबर त्यानं विचारलं, “का बोललीस असं?”

ती स्टुलावर बसली होती. “कारण तुम्ही घेतलेली नाही.”

“काय?”

“घेतली असती तर तुम्ही केव्हाच ‘हो’ म्हणून सुई मागून घेतली असती. मी ओळखते ना तुम्हाला. खोट्यासाठी तुम्ही एवढं सोसणारे नाही.” तिनं बाहीनं नाक पुसलं. “बघवेना मला. मग काय करणार होते?”

त्या पहिल्या ‘हो’पासून ज्या वाक्यासाठी तो जगला होता, ते हे होतं. आणि मिळालं कसं, तर कागदावर दुसरं ‘हो’ चढवून. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त ओरडावंसं वाटलं. “आणि आता तिथे काय लिहिलंय? आता मला कोण वस्तरा देणार? जा, पुसायला सांग ते!”

ती गेली. अर्धवट ओढलेल्या पडद्यातून त्याला ती दिसत होती, डॉक्टरणीच्या टेबलासमोर उभी.

“मघाशी मी खोटं बोलले,” ती म्हणत होती. “ते पुसा. यांनी घेतली नाही.”

“ताई, मघाशी तुम्ही पाहिलं म्हणालात.”

“सुई द्यावी म्हणून म्हणाले. चार वर्षांत थेंब नाही घेतला यांनी. रोज वास घेते मी. रक्त तपासा हवं तर, आत्ता तपासा!”

“ती तपासणी नेहमीची नसते, आणि आता तिची गरजही नाही,” डॉक्टरीण म्हणाली. आवाजात राग नव्हता, दया होती, आणि तेच जास्त वाईट होतं. “मला कळतं तुमचं. घरचे झाकायला बघतातच. पण झाकून त्यांचंच नुकसान होतंय.”

“मी झाकत नाहीये!”

“हो, हो.”

“अहो, नाही म्हणतेय ना मी! नाही घेतली!”

डॉक्टरणीनं मान हलवली आणि पुढचा कागद ओढला. नर्स म्हणाली, बाई, आवाज कमी करा, इथे पेशंट आहेत.

बायको परत येऊन स्टुलावर बसली. “ऐकतच नाहीत मेले,” ती म्हणाली. “मी खरं सांगतेय, समोर उभी राहून सांगतेय, आणि ती बया माझ्याकडे असं बघते जसं काही मी…” तिला शब्द सापडला नाही. “माणसं आहेत की दगड?”

“आता कळलं?” कारागीर म्हणाला.

त्याला ते मायेनं म्हणायचं होतं. पण तोंडातून रागानंच बाहेर आलं, आणि तिला ते लागलं. ती उठली, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सरसावल्या, आणि पुन्हा त्या टेबलाकडे निघाली.